डाग नसलेल्या सूर्याची वादळे

१९७९ सालच्या जुलै महिन्यात आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी एकच परका शब्द होता : स्कायलॅब. अमेरिकेने अवकाशात सोडलेली सुमारे ७७ टन वजनाची ती प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार होती आणि ती नेमकी कोठे कोसळेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. अखेर ११ जुलै रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात पडले. आपण सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्कायलॅब हा शब्द पुढे थट्टेपुरता उरला.

ज्या यंत्राची आपण एवढी धास्ती घेतली, त्याने त्याआधी सहा वर्षे एक फार मोठे काम करून ठेवले होते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सत्तर वर्षे ज्योतिर्विदांना चकवीत आलेल्या एका कोड्याचे उत्तर स्कायलॅबच्या छायाचित्रांत सापडले. त्या कोड्याच्या इतिहासात इंग्लंडमधील तीन येशूसंघीय धर्मगुरू येतात, वऱ्हाडातील एक गाव येते आणि आपल्या कुलाबा-अलिबागची वेधशाळाही येते. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते हे शाळेतील मूलही जाणते. परंतु ती कधीच पूर्णपणे स्थिर नसते. दिवसभरात ती किंचित हलते आणि अधूनमधून असे दिवस येतात की, काहीही कारण दिसत नसताना ती अस्वस्थ होऊन थरथरू लागते. तासन् तास, प्रसंगी दोन-तीन दिवस, हा प्रकार चालतो आणि तोही एका गावी नव्हे तर सबंध पृथ्वीवर एकाच वेळी. याला चुंबकीय वादळ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे लक्षात आले की, सूर्यावरील काळ्या डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते, आणि चुंबकीय वादळेही साधारण त्याच चक्राने वाढतात व घटतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्याच्या डागांच्या एका मोठ्या समूहात डोळे दिपवणारा प्रकाश चमकलेला दिसला. त्यानंतर एक दिवसही पुरता उलटण्यापूर्वी पृथ्वीवर आजवरचे सर्वांत प्रचंड नोंदलेले चुंबकीय वादळ उसळले. त्या वादळाच्या दिवसांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षक आपली यंत्रे वाचून आकडे लिहून ठेवीत होते. सुमारे दीडशे वर्षांनी, २००३ साली, आपल्या भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याच नोंदवहीवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. विषुववृत्तानजीकच्या प्रदेशातील इतकी चांगली नोंद दुसरीकडे क्वचितच झाली होती.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल की, डाग हेच वादळाचे मूळ आणि प्रश्न मिटला. तसे झाले नाही. मोठमोठे डाग सूर्याच्या मध्यावरून निघून जात आणि सुई जागची हलत नसे. उलट कित्येकदा सूर्याचे बिंब ताटासारखे स्वच्छ असे आणि सुई थरथरत असे. १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना लॉर्ड केल्व्हिन यांनी एक हिशेब मांडला. १८८५ च्या जूनमधील एका साधारण वादळासाठी सूर्याला, आठ तासांत, एरवी चार महिन्यांत प्रकाश व उष्णता देण्यासाठी लागते तेवढी शक्ती खर्चावी लागली असती! तेव्हा डाग आणि वादळे यांचा संबंध हा केवळ योगायोग होय, असा निर्णय त्यांनी दिला. केल्व्हिन यांचा अधिकार फार मोठा होता. त्यांच्या गणितात चूक नव्हती. चूक होती ती गृहीतात. सूर्याचा हा प्रभाव दिव्याच्या उजेडाप्रमाणे चहूकडे सारखा पसरतो असे त्यांनी धरले होते.

आता आपण इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील स्टोनीहर्स्ट येथे जाऊ. तेथे येशूसंघाचे महाविद्यालय असून त्याला जोडून वेधशाळा होती. फादर स्टीफन पेरी हे तिचे संचालक होते. १८३३ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १८८० च्या सुमारास एक नित्यक्रम सुरू केला. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी दुर्बिणीतून पडणारे सूर्याचे बिंब कागदावर घ्यावयाचे आणि त्यावरील डाग व उजळ ठिपके पेन्सिलीने हुबेहूब रेखाटावयाचे. शेजारीच चुंबकीय यंत्रे दिवसरात्र आपली नोंद करीत असत. म्हणजे सूर्याचे चित्र आणि सुईची हालचाल या दोन्ही गोष्टी एकाच आवारात, एकाच देखरेखीखाली जमा होऊ लागल्या. लँकेशायरचे ढगाळ हवामान ज्यांना माहीत आहे त्यांना या कामातील चिकाटीची कल्पना येईल.

फादर पेरी यांचे अर्धे आयुष्य प्रवासात गेले. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ते १८७४ साली दक्षिण हिंदी महासागरातील केर्ग्युलेन या ओसाड बेटावर गेले आणि १८८२ साली मादागास्करला. १८८९ च्या अखेरीस खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील साल्यू बेटांवर पोहोचले. ही फ्रेंच सरकारची कैद्यांची बेटे. तेथे त्यांना आमांशाने गाठले. २२ डिसेंबरला ग्रहण होते. त्या दिवशी अंगात त्राण नसतानाही त्यांनी ठरल्याप्रमाणे सूर्याच्या किरीटाची छायाचित्रे घेण्याचे काम तडीस नेले. पाच दिवसांनी, २७ डिसेंबर रोजी, ‘कोमस’ या युद्धनौकेवर त्यांचे देहावसान झाले. त्यांना डेमेरारा येथे, म्हणजे आजच्या गयानाच्या जॉर्जटाऊनमध्ये, पुरण्यात आले. त्यांचे छोटेखानी चरित्र त्यांचे तरुण सहकारी फादर अलोयसियस कॉर्टी यांनी लिहिले.

येथे किरीट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले की, भोवती मोत्यासारख्या शुभ्र प्रकाशाचे एक वलय उमटते. ते सूर्याचे बाह्य वातावरण, त्याचे किरीट. एरवी सूर्याच्या झगमगाटापुढे ते लोपून जाते. १८८९ हे वर्ष डागांच्या मंदीचे होते आणि अशा वर्षी किरीट विषुववृत्ताच्या बाजूंनी लांब पसरलेले व दोन्ही ध्रुवांकडे विरळ, पिसांसारख्या बारीक किरणांचे दिसते. त्या पिढीच्या निरीक्षकांनी ही ध्रुवांकडील विरळ जागा कित्येकदा पाहिली, रेखाटली, तिची छायाचित्रेही घेतली. ज्याचा ते शोध घेत होते तेच आपल्यापुढे आहे हे त्यांना उमगण्याचा मार्ग नव्हता. सर्वांचे लक्ष उजेडाकडे होते.

फादर पेरी यांच्यानंतर वेधशाळेचा भार फादर वॉल्टर सिडग्रीव्ह्‌ज यांच्याकडे आला. त्यांनी सूर्याच्या रेखाटनांची थप्पी आणि चुंबकीय नोंदी समोरासमोर ठेवून एकेका डागाचा एकेका वादळाशी मेळ बसतो का, ते तपासले. मेळ बसेना. वर्षांच्या सरासरीत दोन्ही बरोबर चढत-उतरत. परंतु अमुक डागामुळे अमुक वादळ झाले असे म्हणावे, तर त्याला छेद देणारी दहा उदाहरणे समोर येत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध केला. आम्हांला या निष्कर्षाचे मोल फार वाटते. वीस वर्षांच्या श्रमांतून ‘जुळत नाही’ एवढेच हाती आले असता ते तसेच सांगणे, ओढून-ताणून जुळवून न दाखवणे, हे सोपे नसते.

याच सुमारास कोड्याची पहिली खरी गाठ सुटली ती ग्रिनिच येथील शासकीय वेधशाळेत. एडवर्ड वॉल्टर मॉन्डर यांनी १८८२ ते १९०३ या काळातील वादळांची यादी करून १९०४ साली दाखवून दिले की, पुष्कळ वादळे सुमारे सत्तावीस दिवसांच्या अंतराने पुन्हा येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याला स्वतःभोवती एक फेरा पुरा करण्यास नेमका एवढाच काळ लागतो. म्हणजे सूर्याच्या पृष्ठाचा एखादा विशिष्ट प्रदेश आपल्या समोर आला की, वादळ होते; तो फिरून पलीकडे गेला की, सुई शांत होते; सत्तावीस दिवसांनी तोच प्रदेश परत समोर आला की, पुन्हा वादळ. समुद्रकाठच्या दीपस्तंभाचा झोत जसा ठराविक वेळाने आपल्या खिडकीवरून जातो तसेच हे. प्रभाव चहूकडे पसरत नाही, तो एका अरुंद प्रवाहाने येतो, असे म्हटले की, केल्व्हिन यांचा आठ तास आणि चार महिन्यांचा हिशेब आपोआप बाद होतो. शुस्टर यांच्यासारख्या जाणत्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे सहजासहजी मान्य केले नाही. पण सत्तावीस दिवसांची ती लय पुढील प्रत्येक पिढीच्या नोंदींत दिसत राहिली.

मॉन्डर यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते त्यातील काही भाग महाराष्ट्रात टिपलेला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीचे खग्रास ग्रहण कोकणकिनाऱ्यावरून शिरून वऱ्हाड-नागपूरमार्गे ईशान्येकडे गेले. त्यासाठी विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर आले होते. सोलापूरकडील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मोहीम होती, तसेच पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवालाही तेथे होते. (विजयदुर्गावर १८६८ साली लॉकियर यांना हेलियम सापडला अशी एक समजूत आपल्याकडे अजून सांगितली जाते. ती खरी नव्हे. त्या साली लॉकियर इंग्लंडातच होते.) मॉन्डर व त्यांच्या पत्नी ॲनी यांनी वऱ्हाडातील तळणी येथे मुक्काम केला. ॲनी मॉन्डर या स्वतः उत्तम गणिती असून लग्नापूर्वी ग्रिनिचमध्येच नोकरीस होत्या. एका लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी तळणीच्या आकाशात किरीटाचा एक किरण टिपला. तो सूर्याच्या कडेपासून कित्येक लक्ष मैल लांब गेलेला होता. एवढा लांब किरण तोपर्यंत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. सूर्यापासून काहीतरी निघून दूरवर वाहत जाते, ही कल्पना बळावण्यास असे किरण कारण झाले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व देण्यास १९१६ साल उजाडावे लागले, तेव्हा पहिल्या काही जणींत ॲनीबाई होत्या.

स्टोनीहर्स्टला फादर कॉर्टी आपल्या गुरूंची रेखाटने पुढे चालवीतच होते. वादळे मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या आसपास अधिक का होतात, याचे कारण त्यांनी १९१२ साली सुचवले. सूर्याचा आस किंचित कललेला असल्यामुळे पृथ्वी वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबर यांच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, सूर्याच्या विषुववृत्तापासून सव्वासात अंशांपर्यंत वर किंवा खाली येते आणि मग तेथून निघणाऱ्या प्रवाहांच्या अधिक समोर येते. आज या घटनेची आणखी बळकट कारणे दिली जातात. तथापि कॉर्टी यांची उपपत्ती अद्यापही ग्रंथांतून त्यांच्या नावानिशी चर्चिली जाते.

यानंतर जर्मनीचे ज्युलियस बार्टेल्स. त्यांनी जगभरच्या चुंबकीय नोंदी सत्तावीस-सत्तावीस दिवसांच्या ओळींत एकाखाली एक मांडल्या. पुढे या मांडणीला असे रूप आले की, लांबून पाहणाऱ्याला ते गायनमंडळाच्या हातातील स्वरलेखनाचे पान वाटावे. त्यात वादळाचे दिवस एकाखाली एक असे महिनोन् महिने उतरत आलेले स्पष्ट दिसत. १९३२ साली बार्टेल्स यांनी ठामपणे लिहिले की, या पुन्हापुन्हा येणाऱ्या वादळांच्या वेळी सूर्यावर त्या जागी डाग तर नसतातच, पण दुर्बिणीला दिसेल असे दुसरेही काही नसते. जे दिसत नाही त्याला नाव तरी काय द्यावे? चुंबकीय या शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्यांनी त्या अज्ञात जागांना ‘एम-प्रदेश’ म्हटले.

पुढली चाळीस वर्षे हे एम-प्रदेश शोधण्यात गेली. कोणी म्हणे ते उजळ ठिपक्यांच्या जागी असावेत, कोणी म्हणे डाग विरून गेल्यावर उरलेल्या क्षेत्रात. काहींनी तर उलटे सांगितले की, एम-प्रदेश क्रियाशील भागांना टाळूनच असतात. हे बरेचसे खरे होते, परंतु ते पटवून देण्याजोगे साधन हाती नव्हते. १९५५ साली अमेरिकेतील बॅबकॉक पितापुत्रांनी सूर्यावर एकाच चुंबकीय ध्रुवतेचे विस्तीर्ण पट्टे दाखवले आणि एम-प्रदेश हेच असावेत असे सुचवले. ते उत्तराच्या अगदी उंबरठ्यावर होते. स्वित्झर्लंडच्या माक्स वाल्डमायर यांनी ग्रहणाची वाट न पाहता किरीट पाहता येईल अशा दुर्बिणीने वर्षानुवर्षे वेध घेऊन किरीटात रिकाम्या जागा असतात असे नोंदवले व १९५७ मध्ये त्यांना जर्मन भाषेत ‘भोके’ असे साधे नाव दिले. मात्र ही जागा वादळाचे उगमस्थान असेल हा धागा तेव्हा जुळला नाही.

मधल्या काळात सूर्यापासून काहीतरी वाहते, हा तर्क सिद्ध झाला. किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असते आणि इतके तप्त वातावरण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला पूर्णपणे जखडलेले राहूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहत राहिले पाहिजे, असे यूजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने मांडले. या प्रवाहाला त्यांनी सौरवारा म्हटले. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला. वारा एकसारखा नव्हता. त्यात वेगवान झोत होते, ते सत्तावीस दिवसांनी परत येत आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीवरील चुंबकीय अस्वस्थता वाढे. हे दाखवणाऱ्या १९६३ च्या निबंधाच्या तीन लेखकांत एक भारतीय तरुण होता. त्याचे नाव उडुपी रामचंद्र राव. तेच पुढे आपल्या अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले.

आता फक्त तो झोत कोठून निघतो एवढेच पाहावयाचे उरले होते, आणि ते जमिनीवरून दिसणे शक्य नव्हते. किरीट इतके तप्त की, ते मुख्यतः क्ष-किरणांत चमकते. आणि क्ष-किरण आपले वातावरण शोषून घेते, ही देवाची कृपाच म्हणावयाची. म्हणून कॅमेरा वातावरणाबाहेर नेणे भाग होते. १९७० च्या नोव्हेंबरात एका रॉकेटने काही मिनिटांपुरती वर झेप घेऊन असे छायाचित्र आणले. त्यात बिंबावर एक काळा भाग होता. क्रीगर, टिमोथी व रोएलॉफ या तिघांनी त्या वेळच्या वाऱ्याच्या मोजमापांवरून मागे मागे जात हिशेब केला, तर वेगवान झोताचे उगमस्थान त्या काळ्या भागावरच येऊन पोहोचले. हा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ मे रोजी स्कायलॅब वर गेली. तीन तुकड्यांत मिळून नऊ अंतराळवीर तेथे राहून आले. त्यांनी यानाबाहेर पडून दुर्बिणींतील फिल्मा काढून आणल्या आणि पृथ्वीवर परत येताना बरोबर आणल्या. आठ-नऊ महिन्यांच्या त्या चित्रांत ही किरीट-विवरे सूर्याबरोबर फिरत, फेऱ्यामागून फेरा, समोर येताना दिसली. त्यांतील पहिले मोठे विवर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्ताच्या खालपर्यंत उतरलेले होते आणि त्याचा आकार होता इटलीच्या नकाशासारखा, बुटाचा. रोममध्ये संत इग्नाशियस यांच्या चर्चच्या छपरावर वेधशाळा उभारून सूर्याचा अभ्यास करणारे फादर अँजेलो सेक्की हयात असते तर त्यांना या योगायोगाची गंमत वाटली असती.

विवर म्हणजे सूर्याला पडलेला खड्डा नव्हे. इतर ठिकाणी सूर्याच्या चुंबकीय रेषा कमानीसारख्या वर जाऊन परत पृष्ठावर उतरतात व तप्त वायू त्या कमानींत कोंडून राहतो. म्हणून तो भाग उजळ दिसतो. विवराच्या जागी या रेषा परत न वळता थेट अवकाशात जातात. दार उघडे असते, वायू निघून जातो, मागे विरळ व तुलनेने थंड किरीट उरते, आणि क्ष-किरणांत ते काळे दिसते. साध्या प्रकाशात मात्र त्या जागी सूर्य इतर जागेसारखाच तेजस्वी असतो. बार्टेल्स यांना काही दिसले नाही ते यामुळे. विवरातून निघणारा वारा सेकंदाला ६०० ते ८०० किलोमीटर वेगाने येतो, एरवीचा साधारण ३०० ते ४०० किलोमीटर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. तेव्हा विवर आपल्या समोर आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्याचा झोत येथे पोहोचतो, वाटेतील मंद वाऱ्याला मागून ढकलतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो.

१८५९ किंवा १९८९ सारखी महावादळे विवरांमुळे होत नाहीत. ती सूर्यावरील स्फोटांमुळे होतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, ते अशाच एका स्फोटामुळे. विवरांची वादळे सौम्य असतात, पण दीर्घकाळ रेंगाळतात. त्यांच्या झोतात पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन दिवसेंदिवस वेग घेत राहतात आणि उपग्रहांच्या आवरणांतून आत शिरून तेथे विद्युत्‌भार साठवतात. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचे अनिक मालिकेतील दोन दळणवळण उपग्रह काही तासांच्या अंतराने भरकटले. पहिला त्याच दिवशी ताब्यात आला, दुसऱ्याला पूर्ववत करण्यास कित्येक महिने लागले. त्या दिवसांत सूर्यावर कोणताही मोठा स्फोट झालेला नव्हता. एका विवराचा झोत मात्र काही दिवसांपासून वाहत होता.

स्कायलॅबच्या वाट्याला काय आले तेही सांगून टाकू. तिला वर टिकवून धरण्यासाठी नवे यान पाठवण्याचा अमेरिकेचा बेत होता. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीस सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक क्रियाशील झाला. त्यामुळे पृथ्वीचे उच्च वातावरण तापून फुगले, त्याच्या घर्षणाने प्रयोगशाळा लवकर खाली येऊ लागली आणि नवे यान तयार होण्यापूर्वीच ती कोसळली. सूर्याचा अभ्यास करून आलेली ती, सूर्यानेच खाली ओढली.

कुलाब्याची चुंबकीय यंत्रे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. कारण ट्रामच्या विजेने सुई बिघडली असती. तेथे चुंबकत्व नसलेल्या दगडाची इमारत मुद्दाम बांधली गेली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेऊन जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळवण्यात आला. हे काम पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली झाले. कुलाब्यात १८४० च्या दशकात सुरू झालेली ती मालिका अलिबागेत आजही चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आपले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, ठाण मांडून आहे. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडवलेली असून, अहमदाबादेत तयार झालेले दुसरे एक उपकरण सौरवाऱ्याचे कण मोजते. एखाद्या विवराचा झोत त्या उपकरणावरून गेला की, साधारण पाऊण तासाने तो पृथ्वीपर्यंत येतो आणि अलिबागच्या आलेखावरील रेषा थरथरू लागते.